आग मानेत, बंब डोक्यावर

नॉर्वेत गुडब्रान्सदालेन खोऱ्याच्या वरच्या अंगाला वोगो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात ओत्तार शोस्ताद नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ तिथे कामाला लागले. वय सत्तरीकडे झुकलेलं आणि डोकेदुखीच्या अभ्यासात जगभर नाव. हाताखाली माणसं लावून प्रश्नावल्या भरून घेणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी अठरा ते पासष्ट वयाच्या १,८३८ गावकऱ्यांना एकेक करून समोर बसवलं. डोकं दुखतं का, कुठून सुरू होतं, कुठवर जातं, बाजू बदलतं का, हे स्वतः विचारलं आणि प्रत्येकाची मानही तपासली. या खटाटोपातून निघालेला एक आकडा २००८ साली प्रसिद्ध झाला. वोगोतल्या ४.१ टक्के लोकांची डोकेदुखी मुळात डोक्याची नव्हतीच, ती मानेतून वर चढत होती.

आकडा नॉर्वेचा आहे. तो उचलून सोलापूरला किंवा सावंतवाडीला लावता येणार नाही. पण ज्या पद्धतीने तो मिळाला, ती माझ्या मनात घर करून राहिली आहे. डोकेदुखीच्या माणसाची मान हाताने तपासायची, एवढीच ती पद्धत. आपल्याकडे डोकं दुखणाऱ्या किती जणांची मान कुणी हात लावून पाहतं? ऊन लागलं, पित्त झालं, चष्म्याचा नंबर वाढला, सायनस भरला, जागरण झालं, टेन्शन आहे, ही सगळी कारणं घरातच ठरतात. मग बाम, सुंठेचा लेप, मेडिकलवरून आणलेली गोळी. त्यानेही भागलं नाही तर डोळ्यांचे डॉक्टर, कानाचे डॉक्टर आणि शेवटी डोक्याचा स्कॅन. स्कॅन ‘नॉर्मल’ आला की ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनावर घेऊ नका.’ आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण या दुखण्याला जेवढी चपखल बसते तेवढी क्वचितच कशाला बसत असेल.

शोस्ताद यांनी या डोकेदुखीला नाव आणि ओळख दिली ती १९८३ साली. त्याआधीही ती माहीत होती, पण तिला कुणी वाली नव्हता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले जेम्स सिरियाक्स यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की मानेच्या वरच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचलं तर माणसाला डोक्यात दुखतं. सुई मानेत, कळ कपाळात. हे कसं घडतं याचा माग पुढे फ्रेडरिक केर यांनी १९६१ साली मांजराच्या मज्जारज्जूत काढला.

आपला चेहरा, कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग यांच्या संवेदना त्रिशाखी नावाच्या मज्जातंतूतून आत जातात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणारे मज्जातंतू कवटीच्या तळापासून मानगुटीपर्यंतच्या सांध्यांची, स्नायूंची खबर नेतात. हे दोन्ही प्रवाह मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच पेशीसमूहापाशी पोहोचतात. तालुक्याच्या कचेरीत दोन गावांचे अर्ज एकाच टेबलावर यावेत आणि वर पाठवताना गावाचं नाव चुकावं, तसं इथे होतं. तक्रार खरी असते, पत्ता चुकतो. मेंदूला वाटतं भुवईच्या वर दुखतंय, कारण त्या टेबलावरून बहुतेक वेळा भुवईचीच तक्रार येत असते. मानेच्या खालच्या मणक्यांचे तंतू या टेबलापर्यंत फारसे पोहोचत नाहीत, म्हणून हा सगळा मामला मुख्यतः वरच्या तीन मणक्यांचा.

ऑस्ट्रेलियातले शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलाय बोगडुक यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९९० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मान न दुखणाऱ्या स्वयंसेवकांच्या मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांत सुईने द्रव भरून ते ताणले आणि कळ कुठे उमटते याचे नकाशे काढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधला सांधा ताणला की कळ मानेच्या वरच्या भागातून डोक्याच्या मागे चढे. १९९४ मध्ये त्याच गटाने गाडीच्या अपघातात मान झटकल्या गेलेल्या शंभर रुग्णांना तपासलं. त्या सांध्याची खबर नेणारी नस सुईने तात्पुरती बधिर करायची आणि डोकं दुखायचं थांबतं का पाहायचं. ज्यांची मुख्य तक्रार डोकेदुखी होती, त्यांच्यातल्या ५३ टक्के लोकांचं दुखणं त्या एका सांध्यातून येत होतं. आजही हे निदान पक्कं करायचं तर ही सुई हीच शेवटची कसोटी मानतात. पण दर डोकेदुखीला अशी सुई टोचता येत नाही, टोचूही नये. तिच्या खूप अलीकडे माणसाचा हात आहे.

तो हात काम करताना मी पाहिला तो नाशिकमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई चाळिशीच्या, शिक्षण मुंबईचं. (आपल्या देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय परळच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, महाराष्ट्रात या विद्येची परंपरा तेवढी जुनी आहे.) रुग्ण म्हणून समोर होत्या एका शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्याच संमतीने मी कोपऱ्यात बसलो होतो.

“मॅडम, दुखतं ते एका बोटाने दाखवा.”

शिक्षिकांनी बोट डाव्या मानगुटीवर ठेवलं, तिथून कानामागून वर नेलं आणि डाव्या भुवईपाशी थांबवलं. “इथे येऊन बसतं. मग दिवसभर.”

“कधी उजवीकडे जातं?”

“नाही हो. कायम डावीकडेच. वह्या तपासायला बसले की हमखास. आणि स्कूटी मागे घेताना मान वळवली की.”

उलट्या होतात का, उजेडाचा त्रास होतो का, आवाज नको वाटतो का, डोळ्यांपुढे चकाकी येते का, असे प्रश्न झाले. जवळजवळ सगळ्यांना नाही. मग बाईंनी विचारलं, पूर्वी काही पडणं, धडक? शिक्षिका थोडं आठवून म्हणाल्या, “सिग्नलला उभी होते, मागून जीप ठोकली होती. पण त्याला वर्षं झाली. तेव्हा दोन दिवस मान धरली होती, तेवढंच.” डोकेदुखीच्या फाइलमध्ये ही नोंद कुठेच नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. फाइलमध्ये होता चष्म्याचा बदललेला नंबर, सायनसचा एक्स-रे आणि अर्धशिशीच्या गोळ्या.

पुढची तपासणी मला फार शिकवून गेली. शिक्षिकांना उताणं झोपवलं. बाईंनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं घेतलं आणि हनुवटी छातीला लागेपर्यंत मान पुढे वाकवली. ती वाकवलेली तशीच धरून डोकं आधी उजवीकडे वळवलं, मग डावीकडे. उजवीकडे ते सहज गेलं. डावीकडे अर्ध्या वाटेवर अडलं, आणि अडलं तिथे शिक्षिकांचा डावा डोळा बारीक झाला.

मान अशी पूर्ण वाकवण्यामागे कारण आहे. पहिला मणका कड्यासारखा गोल, दुसऱ्यातून एक दातासारखा उंचवटा वर आलेला, आणि त्या उंचवट्याभोवती पहिला मणका कवटीला घेऊन फिरतो. आपण मान वळवतो त्यातलं जवळजवळ अर्धं वळण या एका जोडीत होतं. मान पूर्ण वाकवली की खालचे सांधे ताणले जाऊन आवळले जातात आणि उरलेलं वळण बहुतांशी या जोडीचंच असतं. धडधाकट माणसात ते प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश भरतं. ते ३२ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली अडलं तर सांध्यात दोष आहे असं मानतात. टोबी हॉल आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या अभ्यासात या एका चाचणीने मानेतून येणारी डोकेदुखी सुमारे नव्वद टक्के अचूक ओळखली होती. यंत्र नाही, किरण नाहीत, पाच मिनिटांचं काम.

मग शिक्षिकांना पालथं झोपवलं. कपाळ दोन्ही हातांवर टेकलेलं. बाईंनी अंगठ्याला अंगठा जोडला, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, आणि मधल्या कण्यापासून बोटभर डावीकडे, कवटीच्या खाली दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या सांध्यावर हळूच दाब दिला. जोर मनगटाचा नव्हता. खांद्यापासून अंगभार खाली सोडलेला. “सांगा, कुठे जाणवतंय?”

“भुवईवर. हेच. हेच ते!”

शिक्षिकांच्या आवाजातली ती सुटका माझ्या अजून कानात आहे. इतकी वर्षं ‘काही झालेलं नाही’ ऐकून घेतलेल्या बाईच्या दुखण्याला कुणीतरी बोट लावलं होतं. फिजिओ बाईंनी दाब तसाच धरून ठेवला, घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या-पाऊण मिनिटात शिक्षिका म्हणाल्या, आता भुवईवरचं उतरतंय, नुसता मानेवरचा दाब राहिलाय.

यानंतरचा उपचार म्हणजे मसाज नव्हे, हे स्पष्ट करायला हवं. ॲडलेडच्या जेफ्री मेटलंड यांनी १९६४ साली मणक्यांच्या हस्तोपचारावरचं पुस्तक काढलं आणि हाताच्या दाबाला मोजमाप आणलं. पहिल्या दोन पायऱ्यांत सांध्याला अडसर लागण्याआधीच थांबणारी हालचाल. तिसरी-चौथी अडसरापर्यंत जाऊन केलेली. त्यापलीकडची पाचवी पायरी म्हणजे एकदम दिलेला बारीक झटका, ज्यात कधी ‘कट्’ असा आवाज येतो. दुखणं भडकलेलं असेल तर खालची पायरी, सांधा नुसताच आखडलेला असेल तर वरची. मेटलंड यांचा खरा आग्रह मात्र दुसराच होता. हात लावण्याआधी तपासायचं, हात लावून झाल्यावर लगेच पुन्हा तपासायचं, आणि फरक पडला नसेल तर तेच करत बसायचं नाही. नाशिकच्या बाईंनी मिनिटभर लयीत दाब-सोड केली आणि शिक्षिकांना उताणं करून मान परत वळवून पाहिली. आठ-दहा अंशांचा फरक मला नुसत्या डोळ्यांनी दिसला.

‘मणका सरकला होता, बसवला’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. तसं काही होत नाही. आवाज आला म्हणजे हाड जागेवर गेलं असंही नाही. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ठेवून ओढले तेव्हा दिसलं, की सांध्याच्या पाण्यात अचानक वायूची पोकळी तयार होते आणि त्याच क्षणी आवाज येतो. हाताचा दाब नेमकं काय करतो, तर मुख्यतः मज्जासंस्थेला शांत करतो. सांध्यातून, स्नायूंतून जाणारी नवी, बिनधोक खबर त्या टेबलापाशी पोहोचते, आखडून बसलेले स्नायू सैल होतात, हालचाल परत मिळते. कवटीच्या तळाशी असलेल्या चार बारीक स्नायुजोड्या तर संवेदनेसाठीच घडवल्यासारख्या आहेत. २००१ मध्ये वेल्लोरच्या संशोधकांनी गर्भांतले हे स्नायू तपासले तेव्हा त्यातल्या एकात दर ग्रॅमला २४२ संवेदक सापडले. एवढ्या जाणत्या जागेवर हात ठेवताना तो किती जपून ठेवायला हवा, हे या एका आकड्यावरून कळावं.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांनी याला आणखी एक वळण दिलं. रुग्ण नुसता पडून राहणार नाही. थेरपिस्ट सांध्याला हलकासा आधार देणार आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः मान वळवणार. अट एकच, दुखता कामा नये. दुखलं तर दिशा चुकली. हीच हालचाल घरी करण्यासाठी पट्टा वापरतात. पट्ट्याची कड कवटीच्या खाली पहिल्या मणक्यावर टेकवायची, दोन्ही टोकं समोर गालांलगत आडवी ओढून धरायची आणि अडणाऱ्या बाजूला मान हळू वळवायची. हॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ३२ रुग्णांवर याची चाचणी घेतली. खऱ्या पट्ट्याच्या गटात अडलेलं वळण १५ अंशांनी सुटलं, खोट्या उपचाराच्या गटात पाच अंशांनी. आणि वर्षभराने खऱ्या गटाची डोकेदुखी निम्म्याहून अधिक उतरलेली होती. चाचणी लहान होती हे खरं. पण पट्टा फुकटात जमा आहे. नाशिकच्या क्लिनिकमध्ये सुती ओढणीची शिवलेली कड त्यासाठी वापरतात. हे वाचून कुणी लगेच ओढणी घेऊन आरशापुढे बसू नये मात्र. कड एक बोट खाली टेकली तरी वेगळाच मणका ढकलला जातो. एकदा समोर बसून शिकावंच लागतं.

नुसत्या हाताने भागतं का? या प्रश्नाचं सर्वांत भरवशाचं उत्तर ब्रिस्बेनहून आलं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ग्वेंडोलिन जुल यांनी २००२ साली २०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चार गट: एकाला हस्तोपचार, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. उपचार सहा आठवडे, पाठपुरावा वर्षभर. हस्तोपचार आणि व्यायाम या दोन्हींनी डोकेदुखी कमी केली आणि वर्षानंतरही ती कमीच राहिली. दोन्ही मिळून केल्यावर सुमारे दहा टक्के अधिक रुग्णांना आराम पडला, पण सांख्यिकीच्या कसोटीवर तो फरक ठाम ठरला नाही. म्हणजे हातातच जादू आहे असं म्हणणाऱ्यालाही हा अभ्यास थांबवतो, आणि व्यायामाला दुय्यम समजणाऱ्यालाही.

हा व्यायाम पाहिला तर कुणाला व्यायाम वाटणार नाही. उताणं झोपायचं, मानेच्या पोकळीखाली हवेची छोटी उशी, तिला दाबमापक जोडलेला, काटा २० वर. आता फक्त ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढी हनुवटी आत घ्यायची आणि काटा २२ वर नेऊन दहा सेकंद धरायचा. मग २४, २६, शेवटी ३०. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू हे काम करतात. या रुग्णांमध्ये ते झोपी गेलेले असतात आणि त्यांच्याऐवजी गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड दोऱ्या ताठ होतात. शिक्षिकांना पहिल्या दिवशी २४ च्या पुढे जमेना; गळ्याच्या शिरा फुगल्या, काटा थरथरला. “जोर नको मॅडम, अगदी थोडं,” बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. क्लिनिकमधला मापक म्हणजे रक्तदाबाच्या यंत्राचा जुना पट्टा होता. चाललं की!

आता एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण ती दडवून या उपचाराचं कौतुक करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दाबल्यावर भुवईत कळ उठली म्हणजे डोकेदुखी मानेचीच, असं सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डीन वॉटसन आणि पीटर ड्रमंड यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की अर्धशिशीच्या बहुतेक रुग्णांतही वरची मान दाबली की नेहमीची डोकेदुखी उमटते. अर्धशिशीचा झटका आला की मान दुखणं तर नेहमीचंच. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्याच्या वेळी मळमळीपेक्षा मानदुखीचीच तक्रार अधिक निघाली. ते टेबल दोघांचं सामाईक आहे, त्यामुळे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. म्हणून चांगला फिजिओ एका खुणेवर निकाल देत नाही. बाजू न बदलणारं दुखणं, मानेपासून सुरुवात, मानेच्या हालचालीने वाढ, अडलेलं वळण, दाबल्यावर उमटणारी ओळखीची कळ, खोल स्नायूंची दुर्बलता, हे सगळं एकत्र आलं तर मानेवर संशय. उलट्या, उजेड न सोसणं, आळीपाळीने दोन्ही बाजू, घरात आईला-मावशीला तसंच, असं असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. मला या विद्येतल्या त्याच माणसांबद्दल आदर आहे जी ‘हे माझं नाही’ असं म्हणून रुग्णाला पुढे पाठवतात.

गोळ्यांचंही असंच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, अशी तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ घेतली, तर ती गोळीच नवी डोकेदुखी निर्माण करू शकते. मिश्र गोळ्यांना दहा दिवसही पुरतात. पाकीट पर्समध्ये ठेवून शाळेत जाणाऱ्या कितीतरी बायका ही रेषा नकळत ओलांडतात. मान कितीही मोकळी केली तरी गोळी सुटल्याशिवाय तसलं डोकं थांबत नाही, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडायची असते.

एमआरआयचा धाक मात्र कमी व्हायला हवा. ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द लोक अहवालातून घरी आणतात आणि मग मान हलवायलाच घाबरतात. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. दुखत नव्हतं तरी. मोबाइलवर वाकलेल्या मानेबद्दलही इतकंच. रिओ दि जानेरोत २०१८ साली १५० तरुणांची मान अशी वाकलेली आहे का हे पाहिलं, तेव्हा वाकण्याचा आणि दुखण्याचा संबंध जुळला नाही. तासन् तास एकाच ढबीत राहणं मानेला मानवत नाही हे खरंच, पण पोराची मान फोनमुळे मोडणार म्हणून घरोघरी जी भीती घातली जाते तिला तेवढा आधार नाही.

भीती बाळगायचीच असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी. सलूनमध्ये केस कापून झाले की चंपी होते आणि शेवटी कारागीर हनुवटी आणि डोकं धरून ‘कडक’ करून मान मोडतो. गिऱ्हाईकाला बरं वाटतं, तो पुन्हा मागतो. मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात आणि पहिल्या मणक्यावर तीव्र वळण घेतात. जोराच्या पिळाने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर पक्षाघात होऊ शकतो. २०१७ साली दिल्लीजवळच्या एका रुग्णालयात असा माणूस आला होता ज्याच्या श्वासपटलाच्या नसांना सलूनमधल्या मान मोडण्याने इजा झाली होती. त्याला धड श्वास घेता येईना. असं क्वचित घडतं. पण ज्या सुखासाठी हा धोका घ्यायचा ते काही मिनिटांचं असतं.

हाच धोका फिजिओच्या पाचव्या पायरीलाही आहे, कमी असला तरी. मानेच्या झटक्याने चांगला गुण येतो असं सांगणाऱ्या चाचण्या आहेत. अमेरिकेत २०१६ मध्ये ११० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत झटक्याचा गट हलका दाब आणि व्यायामाच्या गटापेक्षा सरस ठरला होता. तरीही वरच्या मानेला झटका न देताच बरंच साधत असेल तर तो टाळावा, या मताचा मी आहे. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: धमनीला चीर आधीच पडलेली असेल तर तिचं पहिलं लक्षण बहुधा मानदुखी आणि डोकेदुखीच असतं. ओंटारियोतल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अर्थ संशोधकांनी असाच लावला, की पुष्कळ रुग्ण चीर गेल्यावर मान दुखते म्हणून उपचाराला जातात आणि पक्षाघात पुढे होतो. म्हणून पूर्वी कधी झाली नव्हती अशी विचित्र, नवी मानदुखी, बोलताना जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, तोल जाणं, चेहरा बधिर होणं, यातलं काहीही असेल तर हात न लावता रुग्णालय गाठायचं. क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासह ताठलेली मान, पन्नाशीनंतर कानशिलापाशी प्रथमच सुरू झालेलं दुखणं, यांनाही तोच नियम. संधिवाताच्या जुन्या रुग्णांत पहिल्या-दुसऱ्या मणक्याची बांधणी सैल झालेली असू शकते. त्यांनी ते आधी सांगावं, आणि न सांगितल्यास फिजिओने विचारावं. जो न विचारता मानेला हात घालतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

किती वेळा जावं लागतं, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात आणि तो रास्त आहे. अमेरिकेत २०१८ साली २५६ रुग्णांवर याचाच हिशेब मांडला गेला. शून्य, सहा, बारा आणि अठरा भेटींत हस्तोपचार असे गट पाडले, तर अठरा भेटींच्या गटात डोकेदुखीचे दिवस सर्वांत कमी झाले. कागदावर हे ठीक. आपल्याकडे अठरा भेटी म्हणजे अठरा वेळची फी, तेवढ्याच खेपांचं रिक्षाभाडं आणि रोजंदारीवरच्या माणसाचे तेवढेच खाडे. मोठ्या शहरांबाहेर हस्तोपचारात मुरलेला फिजिओ मिळणंही दुरापास्त. पुष्कळ ठिकाणी अजून शेक, ट्रॅक्शन आणि विजेच्या पट्ट्या लावून रुग्णाला वीस मिनिटं एकटं सोडतात. मानेला हात लागतच नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं पद असावं, भरलेलं असावं आणि त्याला एका रुग्णासाठी अर्धा तास मिळावा, ही मागणी मोठी नाही. पहिल्या दोन-तीन भेटींत हात, आणि त्याच भेटींत घरचा व्यायाम पक्का शिकवणं, एवढं जमलं तरी पुष्कळांचं काम होईल.

शिक्षिकांनंतर त्याच दिवशी एक रंगारी आले होते. दिवसभर मान मागे टाकून छत रंगवायचं, संध्याकाळी उजवं डोकं फुटायला यायचं. त्यांना अठरा भेटी परवडणाऱ्या नव्हत्या आणि बाईंना ते माहीत होतं. “दादा, तीन वेळा या. मग महिन्याने एकदा,” त्या म्हणाल्या. ओढणीची कड त्यांच्याच हातात देऊन हालचाल इतक्या वेळा करून घेतली की शेवटी ते न सांगता बरोबर जागा धरू लागले. छताचं काम सलग न घेता भिंतीशी आलटूनपालटून घ्या, मध्ये दर अर्ध्या तासाने खाली उतरून हनुवटी आत घ्यायचा व्यायाम करा, असंही सांगितलं. ठेकेदार ऐकेल का, हे रंगाऱ्यांना ठाऊक नव्हतं. विचारून बघतो म्हणाले.